लाईन गेली की साइट गायब: घरच्या सर्व्हरवर डोमेन टिकत नसेल तर

तक्रार बहुतेक अशीच येते. काल रात्रीपर्यंत साइट उघडत होती, पहाटे लाईन गेली, दोन तासांनी आली, आणि आता नाव टाकलं की नुसतं चक्र फिरतं. मग माणूस डोमेनच्या पॅनलमध्ये शिरतो. रेकॉर्ड (कोणत्या नावाचा पत्ता कोणता, ही नोंद) पुसतो, नवे टाकतो, नेमसर्व्हर (ती नोंद जगाला सांगणारा सर्व्हर) बदलून पाहतो. मूळ दुखणं राहतं बाजूला आणि वर दोन नवी जडतात.

आपल्याकडच्या गावांत हे वारंवार होतं, कारण मृगात विजा कडाडल्या की लाईन जाते आणि मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर तापला तरी जाते. दर वेळी राउटर नव्याने जोडला जातो, आणि बहुतेक कनेक्शनवर नव्या जोडणीसोबत नवा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर क्रमांक, मिळतो. डोमेनच्या रेकॉर्डमध्ये मात्र जुनाच लिहिलेला असतो. घर बदललं, पण पाटी जुन्याच दारावर राहिली.

घरात जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे, त्यावर एनजिनएक्स किंवा अपाची हा साइट दाखवणारा प्रोग्रॅम चालतो आणि डोमेन विकत घेतलेलं आहे, एवढं धरून पुढचं लिहिलं आहे. साइट संत्र्याच्या रोपवाटिकेच्या दरपत्रकाची असो, कृषी सेवा केंद्राच्या साठ्याची असो की गावच्या वाचनालयाच्या यादीची, तपासायची रीत तीच.

आधी तीन आकडे कागदावर

पॅनलला हात लावण्याआधी तीन आयपी पत्ते उतरवून घ्या. यात पाच मिनिटं जातात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

पहिला आकडा: तुमच्या डोमेनचं रेकॉर्ड काय सांगतं. विंडोजच्या कमांड खिडकीत एनएसलुकअप, मग डोमेनचं नाव, मग एक जागा सोडून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असं लिहा. शेवटचा पत्ता मुद्दाम द्यायचा, म्हणजे घरच्या राउटरने साठवून ठेवलेलं जुनं उत्तर मिळत नाही.

दुसरा आकडा: राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता. राउटरच्या पानावर स्टेटस किंवा वॅन नावाचा कप्पा असतो, तिथे दिसतो. वायफायचा १९२.१६८ वाला पत्ता हा नव्हे.

तिसरा आकडा: जगाला तुम्ही कोणत्या पत्त्यावरून दिसता. 'माझा आयपी कोणता' असं शोधलं की सांगणाऱ्या साइट भरपूर आहेत. हे त्याच घरच्या वायफायवरून पाहा. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर तिसरा आकडा खोटा येईल.

आता कागदाकडे पाहा. समजा रेकॉर्डमध्ये २०३.०.११३.२५ आहे आणि राउटर व जग दोघंही २०३.०.११३.९१ म्हणतात. मग दुखणं एकच: पत्ता बदलला आणि रेकॉर्ड बदललं नाही. खालचा 'पत्ता बदलतो, रेकॉर्ड बदलत नाही' हा भाग वाचा. (हे पत्ते फक्त नमुन्यासाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत, कुणाचे खरे नाहीत.)

दुसरा आणि तिसरा आकडा वेगळे निघाले तर गोष्ट निराळी आहे. तुमच्या राउटरच्या वर अजून एक राउटर बसला आहे. तो तुमच्याच घरात असेल किंवा कंपनीकडे असेल. तो मध्ये आहे तोवर रेकॉर्ड कितीही वेळा बदला, काही होणार नाही. सगळ्यात जास्त वेळ लोक इथेच वाया घालवतात, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

तिन्ही आकडे सारखे आणि तरी साइट बंद, तर नावाचं काम बरोबर झालं आहे. बिघाड पोर्ट (पत्त्यावरचं क्रमांकाचं दार), फायरवॉल (आत येणाऱ्यांना अडवणारा पहारा), सर्व्हर किंवा प्रमाणपत्रात (साइट सुरक्षित असल्याचा दाखला) आहे. डोमेनच्या पॅनलमधून बाहेर या आणि परत जाऊ नका.

दुसरा आणि तिसरा आकडा जुळत नाही

आयपी आवृत्ती ४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक २०११ च्या एप्रिलमध्येच आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्यानंतर कंपन्यांनी एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. २०१२ मध्ये यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा वेगळा गट राखून ठेवला गेला. राउटरच्या वॅन कप्प्यात या गटातला पत्ता दिसला तर शंका ठेवू नका, तुम्ही सीजीनॅटमागे आहात. बाहेरून येणाऱ्याला कंपनीच्या पेटीपर्यंत येता येतं, पण त्यातल्या कोणत्या घरी जायचं हे त्या पेटीला कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला घरातल्या सर्व्हरकडे वळवणारा नियम) बिनचूक असलं तरी तिथवर कुणी पोचतच नाही.

वॅनमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा दुसरा राउटर घरातच आहे. फायबरची जी पांढरी पेटी कंपनीने भिंतीला लावली, तीच राउटरचं काम करते, आणि तुम्ही तिच्यापुढे आपला वायफाय राउटर जोडला आहे. उपाय दोन. पेटीला ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे तिचं राउटरचं काम बंद करून, कंपनीच्या जोडणीचं (पीपीपीओई) नाव आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचा. नाहीतर आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा, करून टाकायचा आणि पोर्ट फॉरवर्डिंग थेट पेटीत करायचं. दुसरा उपाय सोपा, आणि पासवर्ड मागत फिरावं लागत नाही.

१० ने सुरू होणारा पत्ता मात्र फसवा. तो घरातल्या पेटीचाही असू शकतो आणि केबलवाल्याच्या सीजीनॅटचाही. अशा वेळी पेटीच्या पानावर जाऊन तिचा वॅन पत्ता पाहा. तिथेही १० वालाच दिसला तर प्रश्न बाहेरचा आहे.

मग नेटवाल्याला फोन करताना नेमकं काय विचारायचं ते आधी ठरवा. पब्लिक आयपी म्हणजे जगाला थेट दिसणारा पत्ता, नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा; ८० आणि ४४३ ही साइटची नेहमीची पोर्ट. "नेट चालत नाही" म्हणालात तर तो येऊन स्पीड टेस्ट दाखवेल आणि जाईल. असं विचारा: "भाऊ, आमच्या लाईनला पब्लिक आयपी आहे का नॅट? स्टॅटिक आयपी घेतला तर महिन्याचे किती पडतील? आणि ८० व ४४३ पोर्ट बाहेरून उघडे मिळतील ना?" शेवटचा प्रश्न विसरू नका. पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला आणि नंतर कळलं की ८० पोर्ट कंपनीकडेच अडवलेलं आहे, असं होतं. दर वर्षाचा आहे की महिन्याचा, आणि त्यावर जीएसटी वेगळा का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पब्लिक आयपी मिळतच नसेल, आणि मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या घरगुती नेटवर बहुधा मिळत नाही, तर दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता बोगद्याचा. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या टनेल सेवेत तुमचा सर्व्हर स्वतः बाहेर जोडणी करतो आणि येणारे लोक त्याच जोडणीतून आत येतात. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही, आयपी कितीही वेळा बदलला तरी फरक पडत नाही. अट एवढीच की डोमेनचे नेमसर्व्हर त्यांच्याकडे न्यावे लागतात. सर्व्हरवरचा त्यांचा प्रोग्रॅम क्लाउडफ्लेअर्ड बाहेर ७८४४ पोर्टवर जातो. साधारणपणे तो यूडीपी वापरतो (डेटा पाठवायची एक रीत, दुसरी टीसीपी). काही नेटवर यूडीपी सारखं तुटतं, साइट दर अर्ध्या तासाने मिनिटभर मरते. तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल एचटीटीपी२ करा, म्हणजे तो टीसीपीवरून जातो. साइटवर १०३३ नंबरची चूक दिसली तर बोगद्याचं घरचं टोक बंद आहे असं समजा आणि सर्व्हर पाहा, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) पाहू नका.

दुसरा रस्ता भाड्याच्या छोट्या सर्व्हरचा. त्याला पक्का पत्ता असतो, डोमेन तिकडे दाखवायचं आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड या प्रोग्रॅमने खासगी बोगदा टाकायचा. नेहमीचं पोर्ट ५१८२० यूडीपी. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवलंच पाहिजे, नाहीतर थोडा वेळ कुणी साइट उघडली नाही की नॅट ती वाट विसरतं आणि बाहेरून आत येता येत नाही. छोटी पानं उघडतात पण फोटो अर्ध्यात अडकतात, अशी खूण दिसली तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १३८० वर आणून पाहा.

घरगुती वापराला बोगदा बरा असं माझं मत आहे. स्टॅटिक आयपी घेऊनही लाईन, पोर्ट आणि राउटरच्या कटकटी शिल्लक राहतातच.

आयपी आवृत्ती ६ बद्दल एवढंच. राउटरला ती मिळत असेल तर सर्व्हरलाही स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, नॅटचा संबंध येत नाही. तो रेकॉर्डमध्ये चार ए वाल्या प्रकारात लिहितात. पण एफई८० ने सुरू होणारा पत्ता तिथे कधीच लिहू नका, तो घराच्या तारेपुरताच असतो. तात्पुरता म्हणून दाखवलेला पत्ताही नको, तो स्वतःच बदलत राहतो. आणि ज्यांच्याकडे फक्त आवृत्ती ४ आहे त्यांना ती साइट दिसणार नाही. तालुक्याच्या बँकेतून किंवा जुन्या ऑफिसातून उघडत नाही अशी तक्रार आली तर कारण हेच असू शकतं.

पत्ता बदलतो, रेकॉर्ड बदलत नाही

पब्लिक आयपी आहे पण बदलता आहे, त्यांच्यासाठी डीडीएनएस, म्हणजे आपोआप सुधारणारं रेकॉर्ड. सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहतो आणि बदलला असेल तर रेकॉर्ड सुधारतो. डकडीएनएससारखी सेवा फुकट आहे, पण ती त्यांच्या नावाखालचं नाव देते. तुमच्या डोमेनचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे नाव सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) रेकॉर्डने तिकडे वळवता येतं. उघडं डोमेन, म्हणजे पुढे काहीच नसलेलं, तसं वळवता येत नाही. तिथे एनएस आणि एसओए ही डोमेनची मूळ रेकॉर्ड आधीच असतात आणि त्यांच्या शेजारी सीनेम चालत नाही. काही पॅनल ते घेतातसुद्धा, आणि मग त्या डोमेनचा ईमेल बंद पडतो. म्हणून डीएनएस ज्या सेवेकडे आहे तिचीच एपीआय (प्रोग्रॅमला हुकूम द्यायची सोय) वापरून ए रेकॉर्ड, म्हणजे आवृत्ती ४ चा पत्ता सांगणारं, थेट बदलणं चांगलं. डीडीक्लायंट हा प्रोग्रॅम अशा बऱ्याच सेवांशी बोलतो. त्यात अंतर ३०० सेकंद ठेवा आणि रेकॉर्डचा टीटीएलही (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) ३०० ठेवा. टीटीएल ८६४०० असेल तर पत्ता बदलल्यावर लोकांच्या नेटवाल्याकडे जुनं उत्तर दिवसभर राहील.

आता लाईन आल्यानंतर नेमकं काय होतं ते पाहा. रास्पबेरी पाय अर्ध्या मिनिटात उठतो. फायबरची पेटी उठून सिग्नल पकडायला दोन-तीन मिनिटं घेते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) 'रीबूट झाल्यावर चालव' असं लिहिलेलं काम तोवर चालून, नेट नाही म्हणून मरून गेलेलं असतं, आणि दिवसभर परत चालत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) एकच ओळ दिसते: नाव सापडलं नाही. त्यामुळे रीबूटवर भरवसा ठेवू नका, दर पाच मिनिटांचंच काम लावा. पहिली खेप फुकट गेली तरी दुसरी लागते.

याच वेळी अजून तीन गोष्टी मोडतात. एक, सर्व्हरचा घरातला पत्ता बदलतो. कालपर्यंत १९२.१६८.१.१० होता, आज फोन आधी जोडला गेला म्हणून तो पत्ता फोनला गेला, आणि पोर्ट फॉरवर्डिंग आता फोनकडे बोट दाखवतं. राउटरच्या डीएचसीपी (घरातले पत्ते वाटणाऱ्या) कप्प्यात सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) १९२.१६८.१.१० कायमचा बांधून द्या. लॅन तारेचा मॅक आणि वायफायचा मॅक वेगळे असतात, बांधताना तारेचा बांधा आणि सर्व्हर तारेनेच जोडा.

दोन, एनजिनएक्स हाताने चालू केलेला असतो, कायमचा लावलेला नसतो. लिनक्समधल्या सिस्टिमसीटीएल या आज्ञेला स्टार्ट सांगितलं की तो आत्ता चालू होतो, एनेबल सांगितलं की दर वेळी उठतो. दोन्ही सांगावं लागतं.

तीन, जुना डेस्कटॉप लाईन आल्यावर उठतच नाही. त्याच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशा अर्थाची ओळ असते, बहुधा पॉवर मॅनेजमेंटमध्ये, इंग्रजीत रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस अशी. तिथे पॉवर ऑन निवडा.

रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाचा सेल नसतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल वेगळा लावावा लागतो. पाय बरेच दिवस बंद राहिला तर तो जुन्याच तारखेत उठतो, प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं म्हणतो, आणि डीडीएनएसची एपीआय नाकारते. तारीख पाहण्याची सवय ठेवा.

इन्व्हर्टर आहे तरी सर्व्हर का पडतो? घरच्या इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल लिहिलेलं. इकोमध्ये पंखा आणि दिवा चालतो, पण बदल होण्याच्या क्षणात डेस्कटॉप पडतो. यूपीएसमध्ये टाकला तर पडत नाही. मात्र त्या मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईन घसरली की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रब्बीत कास्तकारांच्या मोटारी चालू झाल्या की ज्या गावात व्होल्टेज १६०-१७० वर येतं, तिथे बॅटरी दिवसभर रिकामीच होत राहील. अशा ठिकाणी डेस्कटॉपचा नाद सोडा. फायबरची पेटी आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात, पाय ५ व्होल्टवर. छोटा डीसी यूपीएस घ्या. आत २२०० एमएएचचे तीन सेल असतील तर हिशेब असा: ३ गुणिले ३.७ व्होल्ट गुणिले २.२, म्हणजे सुमारे २४ वॉट-तास. पेटी ८ ते १० वॉट खात असेल तर दोन-अडीच तास निघतात. पाय त्याच्यावर जोडला तर कमी. घेण्याआधी पेटीच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलं आहे ते पाहा. २ अँपिअरच्या पेटीला १ अँपिअरचा यूपीएस लावला की लाईन जाताक्षणी पेटी पडते, मग लोक म्हणतात यूपीएस खराब निघाला.

पेटीवर एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर तुमच्या घरात शोधू नका. फायबरमधून प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली असेल किंवा केबलवाल्याच्या टोकाला लाईन नसेल. तुमचा यूपीएस चालला तरी त्याचा चालला पाहिजे.

तिन्ही आकडे जुळले, तरी उघडत नाही

पहिली चाचणी: फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडा. उघडली, आणि घरच्या वायफायवरून उघडत नाही किंवा तिथे राउटरचं लॉगिन पान येतं, तर साइट ठीक आहे. तुमच्या राउटरला हेअरपिन जमत नाही. घरातून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत घरात यायचं, हा उलटा फेरा बरेच स्वस्त राउटर करत नाहीत. राउटरमध्ये नॅट लूपबॅक असेल तर चालू करा. नसेल तर घरातल्या संगणकाच्या होस्ट्स फायलीत (नाव-पत्त्यांची त्याची स्वतःची यादी) डोमेनसमोर १९२.१६८.१.१० लिहा. घरात पाय-होल हा घरापुरता डीएनएस सर्व्हर चालत असेल तर तिथे एकदा लिहिलं की सगळ्या फोनना लागू होतं, फक्त अँड्रॉइडमधलं प्रायव्हेट डीएनएस बंद हवं.

मोबाइल डेटावरूनही नाही उघडली, तर आतून बाहेर या. सर्व्हरवर बसून कर्ल या आज्ञेने लोकलहोस्ट, म्हणजे तोच संगणक, उघडा. उत्तर आलं की दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८.१.१० उघडा. तिथे अडलं तर दोनच कारणं. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःचंच, ऐकतो आहे, ते ०.०.०.०, म्हणजे सगळ्यांचं, करा. किंवा फायरवॉल. उबुंटूत यूएफडब्ल्यू या फायरवॉलला ८० आणि ४४३ टीसीपी अलाऊ सांगा. विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते प्रायव्हेट करा आणि त्या दोन पोर्टांचा आत येणारा नियम घाला.

इथपर्यंत ठीक असेल तर राउटर. बाहेरचं ८० आतल्या ८० ला, बाहेरचं ४४३ आतल्या ४४३ ला, प्रोटोकॉल टीसीपी. राउटरचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट ८० वर चालू असेल तर ते आधी बंद करा. ते सुरक्षिततेसाठीही बंदच हवं. आणि लगे हात २२ पोर्ट (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं) किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर फॉरवर्ड करू नका. असे दरवाजे उघडले की पहिल्याच दिवसापासून अनोळखी लॉगिनच्या ओळी नोंदवहीत पडू लागतात, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर डीव्हीआर दुसऱ्याचा होतो.

क्लाउडफ्लेअरच्या पॅनलमधला नारिंगी ढग चालू असेल, म्हणजे लोक त्यांच्यामार्फत साइटवर येत असतील, तर साइटवर दिसणाऱ्या चुकेचा क्रमांक बरंच सांगतो. ५२२ म्हणजे तुमच्या घरापर्यंत पोचून उत्तरच मिळालं नाही: पत्ता जुना, पोर्ट बंद किंवा लाईन गेलेली. ५२१ म्हणजे दार सापडलं पण आतून नकार, बहुधा एनजिनएक्स बंद. ५२६ म्हणजे तुमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अमान्य.

प्रमाणपत्राचं दुखणं

लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र सध्या ९० दिवस चालतं. साइट बरोबर तीन महिन्यांनी धोक्याचं पान दाखवू लागली तर नूतनीकरण होत नाही. २०२५ च्या जूनपासून त्यांनी मुदत संपत आल्याची ईमेलही बंद केली आहे, तेव्हा आठवण आपली आपणच ठेवायची. डोमेन तुमचंच आहे ना, याची नेहमीची पडताळणी ८० पोर्टवरून होते. फक्त ४४३ उघडून ८० बंद ठेवलं की पडताळणी अडते. कंपनीने ८० अडवलं असेल तर डीएनएसवाली पडताळणी घ्या, तिच्यात टीएक्सटी (नुसत्या मजकुराचं) रेकॉर्ड टाकावं लागतं आणि पोर्ट लागत नाही. आणखी एक खोडा: डोमेनला आवृत्ती ६ चं जुनं रेकॉर्ड राहिलं असेल तर पडताळणी आधी तिकडे जाते. वापरत नसाल तर ते रेकॉर्ड काढून टाका.

एक जपा. पडताळणी फसली की लगेच परत परत करू नका. एका नावावर तासाला पाच अपयशांची मर्यादा आहे. प्रयोग करायचे ते त्यांच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, सर्व्हरवर.

पॅनलमधल्या नेहमीच्या चुका

पहिला आकडा येतच नसेल किंवा भलताच येत असेल, तेव्हाच पॅनल उघडा. सगळ्यात मोठी चूक ही की नेमसर्व्हर एकीकडे आणि रेकॉर्ड दुसरीकडे. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये रेकॉर्ड दिसतात, बदलतात, सेव्हही होतात, पण नेमसर्व्हर मागेच दुसऱ्या सेवेकडे नेलेले असतात. त्या रेकॉर्डकडे जगात कुणीच पाहत नाही. एनएसलुकअपला प्रकार एनएस सांगा आणि कोणते नेमसर्व्हर येतात ते आधी पाहा.

नावाच्या रकान्यात उघड्या डोमेनसाठी फक्त @ चिन्ह टाका. काही पॅनलमध्ये पूर्ण डोमेन लिहिलं की नाव दोनदा जोडलं जातं. विकणाऱ्याने आधीच टाकलेलं 'पार्किंग'चं (रिकाम्या डोमेनवर जाहिरात दाखवणारं) ए रेकॉर्ड काढा. ते राहिलं तर कुणाला तुमची साइट दिसते आणि कुणाला जाहिरात, आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात. रेकॉर्डमध्ये १९२.१६८.१.१० लिहू नका. तुमच्या घरात साइट छान उघडेल, आणि बाहेर कुणालाच नाही. पत्त्यापुढे ८०८० सारखा पोर्ट नंबर लिहिता येत नाही, ए रेकॉर्डला पोर्ट कळत नाही.

बदल केला की थांबायला शिका. रेकॉर्डचा बदल टीटीएलएवढ्या वेळात दिसतो. नेमसर्व्हरचा बदल मात्र डॉट कॉमसाठी १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस इकडेतिकडे जुना दिसू शकतो. या दोन दिवसांत अजून एकदा बदललं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आणि रेकॉर्ड करायच्या आधीच नाव उघडून पाहिलं असेल तर 'असं नाव नाही' हे उत्तरही साठवलं जातं. ते निघून जाईपर्यंत १.१.१.१ ला विचारून पाहा.

डॉट भारत डोमेन घेतलं असेल, जे २०१४ पासून देवनागरीत मिळतं, तर सर्व्हरच्या फायलीत देवनागरी नाव चालेलच असं नाही. तिथे त्याचं प्युनिकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं, रूप लिहावं लागतं, एक्सएन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं. एनजिनएक्समध्ये देवनागरी नाव टाकून साइट ऐवजी स्वागताचं पान येत असेल तर कारण हेच.

डॉट कॉम डोमेन नवं घेतलं आणि पंधरा दिवसांनी अचानक मेलं, तर ईमेल तपासा. नोंदणीच्या वेळी आलेल्या पडताळणीच्या लिंकवर क्लिक केलं नसेल तर डोमेन थांबवलं जातं. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर घेऊन दिलेल्या डोमेनचं असं हमखास होतं, कारण ती लिंक त्याच्या पेटीत पडून असते.

सर्व्हर कुठे ठेवला आहे हेही पाहा. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. रास्पबेरी पाय ४ ऐंशी अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो. दुपारी दोन ते पाच साइट मंद आणि रात्री ठणठणीत, असं दिसलं तर डीएनएस सोडून छपराकडे पाहा. सर्व्हरला थंड करणारा छोटा पंखा बसवा आणि सर्व्हर जमिनीलगतच्या कोनाड्यात आणा. वावरातल्या मोटारघरात तर ठेवूच नका. तिथे शेतीच्या फीडरची पाळीपाळीची लाईन असते.

सगळं दुरुस्त झालं असं वाटलं की मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरही बंद करा. दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही चालू करून कशालाच हात लावू नका. पेटीला तीन मिनिटं, डीडीएनएसच्या फेरीला पाच, टीटीएलला पाच, असा हिशेब तेरा मिनिटांचा. चौदाव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या फोनवरून, मोबाइल डेटावर, साइट उघडा. नाही उघडली तर परत तीन आकडे कागदावर.